'कोळेरोग' : एक संज्ञा, दोन व्याधी

वनस्पतिरोगांची परिभाषा शास्त्राकडून शेताकडे आली, असा सर्वसाधारण समज आहे. 'कोळेरोग' या संज्ञेचा इतिहास त्यास छेद देतो. कन्नडमध्ये 'कोळे' म्हणजे कुजणे. पावसाळ्यात कॉफीची पाने काळी पडून बुरशीच्या धाग्यांना लोंबकळत राहतात. या बुरशीचे एम. सी. कुक यांनी १८७६ मध्ये 'पेलिक्युलेरिया कोलेरोगा' असे नामकरण केले आणि मळ्यातील शब्द थेट लॅटिन नामात जाऊन बसला. मात्र मलनाडातील बागायतदार याच शब्दाने पोफळीची कोवळी फळे कुजून गळण्याचा रोग ओळखत. म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी १९१० मध्ये त्यावर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचे कारण असलेली 'फायटोफ्थोरा' आजच्या वर्गीकरणात खरी बुरशीही मानली जात नाही. बागायतदाराने लक्षणाला नाव दिले होते, शास्त्रज्ञाने ते कारणाला चिकटविले. कोकणात व गोव्यात ही संज्ञा रूढ आहे ती सुपारीच्या संदर्भात. तेव्हा मराठी परिभाषाकोशात 'कोळेरोग' या शब्दापुढे कॉफीच्या बुरशीचे लॅटिन नाव देणे सदोष ठरते. बागेत मात्र या गोंधळाने फारसे बिघडले नाही. दोन्ही रोगांवर फवारणी बोर्डो मिश्रणाचीच होती.