रानफूल आणि बागफूल : डहाणू-तलासरीच्या माळाचा इतिहास

१/ भाद्रपदात डहाणू-तलासरीच्या माळांवर आणि बांधांवर तेरडा फुलतो. झुडपांचा आधार घेत कळलावीच्या लाल-पिवळ्या ज्वाळा वर चढतात. अंगणातल्या वाफ्यात मात्र झेंडू, झिनिया, गलांडा. ही तिन्ही फुले मूळची अमेरिकेची. मग रानफूल कोणते आणि बागफूल कोणते, हे ठरवले कोणी?

२/ गलांडा म्हणजे गॅलार्डिया. उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातील हे रानफूल. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील गेलार्ड या विद्याप्रेमी न्यायाधीशाच्या सन्मानार्थ त्याला हे नाव मिळाले. आज महाराष्ट्रात त्याचे पीक घेतले जाते, हारांत ते ओवले जाते. तिकडचे रान इकडची बाग झाले.

३/ उलट प्रवासही घडला. तेरडा आपल्याकडचा. सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तो युरोपच्या बागांत पोहोचला होता. कोकणात अनेक घरी गौर म्हणून तो मुळांसकट आणला जातो, पुजला जातो आणि विसर्जित होतो. वाफ्यात जागा मात्र क्वचितच मिळते.

४/ कळलावीचे चित्र ‘हॉर्टस मलबारिकस’ या १२ खंडी लॅटिन ग्रंथात (आम्स्टरडॅम, १६७८–१६९३) आहे. त्या कामात इट्टी अच्युतन यांच्यासह रंग भट, विनायक पंडित, आप्पू भट हे कोकणी वैद्य होते. त्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र ग्रंथात छापलेले आहे. ज्ञान येथलेच होते.

५/ १८६१ मध्ये डॅल्झेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ प्रसिद्ध झाला. मुख्य भागात देशी वनस्पती, बाहेरून आलेल्या पुरवणीत. बागांनी हा क्रम उलटा केला : पुरवणी वाफ्यात आली, मुख्य भाग कुंपणाबाहेर राहिला.

६/ गिब्सन दापोडीच्या सरकारी उद्यानाचे प्रमुख होते आणि १८४७ पासून मुंबई इलाख्याचे वनसंरक्षकही. पुढे सरकारी हिशेबात रानाचे मोल लाकडात मोजले गेले, माळाचे गवतात. डहाणू-उंबरगाव भागातील गवत मुंबईच्या गोठ्यांकडे जाई. जमीन जमीनदारांची, विळा वारल्यांचा.

७/ २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची परिषद भरली. ऑक्टोबरात गवतकापणीचा संप झाला. मागणी होती ५०० पौंड गवतामागे अडीच रुपये मजुरीची. तलवाडा येथे जमलेल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. ज्याला ‘नुसते गवत’ म्हटले जाई, त्याची ही किंमत.

८/ देशी फूल अंगणात लावणे अवघड नाही. तेरड्याची बोंडे फुगली की हलकेच कागदात धरावीत. उशीर झाला तर ती फुटून बी उडते. पहिल्या पावसानंतर उन्हाच्या, पाणी न साचणाऱ्या जागी पेरावे. कळलावीला काठीचा आधार लागतो. तिचा कंद अत्यंत विषारी असतो : मुलांपासून, गुरांपासून दूर ठेवावा. रानातून उपटू नये, रोपवाटिकेतून घ्यावा.

९/ ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण क्षणभंगुरतेची. पण बी पडू दिले तर पुढच्या आषाढात तोच वाफा पुन्हा उगवतो. माळाचेही तसेच : त्याला ‘पडीक’ म्हणणे थांबले, तरच त्याचे बी उरेल.