पन्नास किलोमीटरची गाडी

सीएसएमटीहून कल्याणला जाणारी लोकल जेवढं अंतर कापते, जवळपास तेवढंच अंतर अमृतसर आणि लाहोर या दोन शहरांमध्ये आहे. पन्नास किलोमीटर, दोनचार इकडेतिकडे. कल्याणचा माणूस रोज सकाळी डबा घेऊन निघतो आणि रात्री घरी येऊन जेवतो. अमृतसरच्या माणसाला आज लाहोरला जायचं झालं, आणि समजा चमत्कार होऊन त्याला व्हिसा मिळाला, तर आखातातलं एखादं विमानतळ गाठून, समुद्र दोनदा ओलांडून जावं लागेल.

या पन्नास किलोमीटरवर गेल्या पाऊणशे वर्षांत किती गाड्या आखल्या गेल्या, सुरू झाल्या आणि बंद पडल्या, हा इतिहास वाचताना मला एक गोष्ट सारखी खटकत राहते. ती म्हणजे या गाड्यांची नावं.

सुरुवात जुन्या गाड्यांपासून करू. लाहोर-अमृतसर रेल्वे १८६२ सालची. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली त्याला तेव्हा जेमतेम नऊ वर्षं झाली होती. लाहोर स्टेशनची पायाभरणी १८५९ची, म्हणजे सत्तावन्नचं बंड नुकतंच चिरडलं होतं आणि इंग्रजांची झोप अजून उडालेली होती. त्यामुळे स्टेशन बांधलं तेच किल्ल्यासारखं: जाड भिंती, बुरूज, बंदुकीची नळी बाहेर काढता येईल अशा फटी. तेव्हा ‘रेल्वे माणसं जोडते’ वगैरे म्हणताना जरा जपून. पंजाबातल्या रेल्वेच्या जन्मातच फौजेची सोय होती.

पण माणसांनी ती आपलीशी करून टाकली. लाहोर म्हणजे राजधानी, कोर्टकचेऱ्या, कॉलेजं, विद्यापीठ. अमृतसर म्हणजे बाजारपेठ, कापड आणि हरमंदिर साहिब. एकाचं काम दुसऱ्यावाचून चालत नसे. फैज अहमद फैज लाहोरात शिकले आणि १९३५च्या सुमारास अमृतसरच्या एमएओ कॉलेजात शिकवू लागले. मंटो अमृतसरमध्ये वाढला, मुंबईत सिनेमासाठी लिहिता झाला आणि लाहोरात मेला. या माणसांच्या आयुष्यात अमृतसर-लाहोर हा ‘प्रवास’ नव्हताच, ती जा-ये होती.

मुंबईहूनही थेट गाडी होती. १ सप्टेंबर १९२८ रोजी फ्रंटियर मेल सुरू झाली, मुंबई ते पेशावर, वाटेत दिल्ली, अमृतसर, लाहोर. त्याआधी १९१२पासून पंजाब मेल होती. तिकडे सिंधकडे जाणारी सिंध मेल, बंगालात ईस्ट बंगाल मेल. नावं पाहा. कुठे जाते ते सांगणारी, डाक नेते हे सांगणारी, एवढंच. कुणाला काही शिकवायला निघालेली नाहीत.

१९४७च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये याच रुळांवर दोन्ही दिशांनी प्रेतांनी भरलेल्या गाड्या आल्या. त्यावर इतकं लिहिलं गेलंय की मी इथे थांबत नाही. फ्रंटियर मेलचं शेवटचं स्टेशन अमृतसर झालं, म्हणजे सरहद्दीचं नाव लावून ती सरहद्दीच्या अलीकडेच थांबू लागली. १९९६ साली तिचं नाव बदलून गोल्डन टेंपल मेल केलं. मुंबई सेंट्रलहून ती आजही सुटते.

फाळणी झाली म्हणजे त्याच रात्री दार बंद झालं, असा आपला समज असतो. तसं झालं नाही. दार हळूहळू लोटलं गेलं. जुलै १९४८मध्ये पश्चिम पाकिस्तान आणि भारत यांच्यात जाण्यायेण्यासाठी परमिट आलं. ऑक्टोबर १९५२मध्ये पासपोर्ट आणि व्हिसा आला. तरीही दार किलकिलं होतं, आणि ते किती सहज उघडू शकतं हे १९५५च्या जानेवारीत दिसलं.

विनू मंकडच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ पहिल्यांदाच पाकिस्तानच्या दौऱ्यावर होता. संघात पॉली उम्रीगर, विजय मांजरेकर, सुभाष गुप्ते. २९ जानेवारीला लाहोरच्या बाग-ए-जिनामध्ये तिसरी कसोटी सुरू झाली. या सामन्यासाठी भारतीय प्रेक्षकांना सरहद्द ओलांडायची परवानगी दिली गेली आणि हजारो माणसं अमृतसरकडून लाहोरला गेली. यात आठ वर्षांपूर्वी लाहोर सोडून आलेले असणारच. सकाळी जायचं, मॅच बघायची, संध्याकाळी परत. म्हणजे कल्याणचा माणूस करतो तेच. सामना अनिर्णित राहिला. मालिकेतले पाचही सामने अनिर्णित राहिले, आणि क्रिकेट म्हणून ती मालिका भयंकर कंटाळवाणी समजली जाते. पण त्या चार दिवसांत लाहोर आणि अमृतसर पुन्हा एकदा शेजारी होते. मंटो त्याच्या अकरा दिवस आधी, १८ जानेवारीला, त्याच शहरात वारला होता.

सप्टेंबर १९६५मध्ये भारतीय फौजा याच रस्त्याने लाहोरच्या वेशीपर्यंत गेल्या. त्या युद्धानंतर उरलीसुरली रेल्वे बंद झाली. इकडची आणि राजस्थानातल्या मुनाबाव-खोखरापारचीही.

सरकारी आखणीने सुरू झालेल्या गाड्यांचा काळ यानंतरचा. १९७२च्या सिमला कराराचं फळ म्हणून २२ जुलै १९७६ रोजी अमृतसर-लाहोर गाडी पुन्हा धावली. नाव ठेवलं समझोता एक्सप्रेस. एखाद्या गाडीला ‘करार’ असं नाव देणं मला फार विचित्र वाटतं. कारण करार ही मोडण्याजोगी गोष्ट असते.

सुरुवातीला मात्र समझोता बऱ्यापैकी साधी गाडी होती. रोज धावायची. डबे काही महिने भारताचे, काही महिने पाकिस्तानचे. लग्नाला, मयताला, बाळंतपणाला जाणारी माणसं, दोन्हीकडे वाटली गेलेली कुटुंबं. विमान न परवडणाऱ्यांची गाडी. मग पंजाबातल्या दहशतवादाच्या काळात ती अमृतसरऐवजी अटारीलाच थांबू लागली. १९९४मध्ये रोजची गाडी आठवड्यातून दोनदा झाली. २०००पासून तिचा प्रवास अटारी ते वाघा एवढाच उरला: सुमारे तीन किलोमीटर. दिल्लीहून वेगळी गाडी अटारीला यायची, तिथे उतरून कस्टम, इमिग्रेशन, मग समझोता, मग वाघ्याला पुन्हा तेच. शहराला शहर जोडणारी गाडी अशी फाटकाला फाटक जोडू लागली.

त्याच सुमारास बस आली. फेब्रुवारी १९९९मध्ये पंतप्रधान वाजपेयी बसमध्ये बसून वाघा ओलांडून गेले. ती दिल्ली-लाहोर बस, नाव ‘सदा-ए-सरहद’, सरहद्दीची साद. तीन महिन्यांत कारगिल सुरू झालं. गंमत म्हणजे (गंमत हा शब्द इथे चुकीचा आहे, पण दुसरा सुचत नाही) कारगिलच्या लढाईतही ही बस चालू होती. ती थांबली डिसेंबर २००१च्या संसदेवरच्या हल्ल्यानंतर आणि पुन्हा सुरू झाली जुलै २००३मध्ये. समझोताही बंद झाली, ती जानेवारी २००४मध्ये सुरू झाली.

त्यानंतरची तीनचार वर्षं या इतिहासातली सगळ्यात उमेदीची. एप्रिल २००५मध्ये श्रीनगर-मुझफ्फराबाद बस, ‘कारवान-ए-अमन’. जानेवारी २००६मध्ये अमृतसर-लाहोर बस. फेब्रुवारीत थार एक्सप्रेस, मुनाबावमार्गे, ४१ वर्षांनी. मार्चमध्ये अमृतसर-ननकाना साहिब बस, तिला हिरवा झेंडा दाखवला मनमोहन सिंग यांनी. त्यांचं जन्मगाव गाह सरहद्दीपलीकडे राहिलेलं. २००७च्या जानेवारीत त्यांनी एक स्वप्न बोलून दाखवलं: नाश्ता अमृतसरला, दुपारचं जेवण लाहोरला, रात्रीचं काबूलला. या वाक्याची नंतर बरीच टर उडवली गेली. पण ज्या मुलाने १९४७पूर्वीचा पंजाब पाहिला होता त्याच्या दृष्टीने यात कविकल्पना काहीच नव्हती. रेल्वेचं वेळापत्रक होतं ते.

मग अमृतसर-लाहोर बस का भरली नाही? कारण साधं आहे आणि ते बसमध्ये सापडत नाही. अमृतसरच्या माणसाला लाहोरचा व्हिसा दिल्लीला मिळणार. म्हणजे पन्नास किलोमीटर पश्चिमेला जाण्यासाठी आधी साडेचारशे किलोमीटर उलट जायचं. लाहोरच्या माणसाला इस्लामाबाद गाठायचं. व्हिसा देशाचा नाही, ठरावीक शहरांचा. तिथे पोचलात की पोलिसांकडे हजेरी. एवढं सगळं करून जो लाहोरला निघालाय त्याला बस अमृतसरहून सुटते की दिल्लीहून, याने काय फरक पडतो? दोन्ही सरकारांनी बस दिली आणि तिकीटखिडकी साडेचारशे किलोमीटरवर ठेवली. मला विचाराल तर या शहरांमधली खरी योजना बसची कधी नव्हतीच, ती व्हिसाची असायला हवी होती.

तशी एक झाली होती. सप्टेंबर २०१२मध्ये एस. एम. कृष्णा आणि रहमान मलिक यांनी इस्लामाबादेत नव्या व्हिसा करारावर सह्या केल्या. त्यात एक छोटं कलम होतं: ६५ वर्षांवरच्या पाकिस्तानी नागरिकांना अटारीला पोचल्यावर तिथेच व्हिसा. म्हणजे फाळणी प्रत्यक्ष पाहिलेली पिढी. त्यांना मरायच्या आधी आपली गल्ली बघता यावी, एवढीच सोय. १५ जानेवारी २०१३ ही तारीख ठरली होती. त्याच महिन्यात नियंत्रण रेषेवर भारतीय जवानांची हत्या झाली, त्यांच्या मृतदेहांची विटंबना झाली, आणि ती सोय ज्या दिवशी सुरू व्हायची त्याच दिवशी लांबणीवर टाकली गेली. तेव्हा ६५ वर्षांचा असलेला माणूस आज ऐंशीच्या जवळ असेल, असला तर.

लोक मात्र गाडी सोडायला तयार नव्हते. १८ फेब्रुवारी २००७च्या रात्री दिल्लीहून अटारीला निघालेल्या समझोताच्या गाडीत पानिपतजवळ दिवाना इथे स्फोट होऊन आग लागली. ६८ माणसं गेली, बहुतेक पाकिस्तानी. उरलेले डबे घेऊन गाडी अटारीला पोचली आणि सेवा चालूच राहिली. २०१९च्या मार्चमध्ये खटल्यातले चारही आरोपी निर्दोष सुटले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, कलम ३७०चा निर्णय झाल्यावर, पाकिस्तानने समझोता बंद केली, मग थार, मग बसही थांबली. बॉम्बने जी थांबली नाही ती एका घोषणेने थांबली.

नावांचा मुद्दा पूर्वेकडेही तसाच दिसतो. कोलकाता-ढाका गाडी २००८मध्ये सुरू झाली, नाव मैत्री. २०१७मध्ये कोलकाता-खुलना, नाव बंधन. २०२२मध्ये न्यू जलपाईगुडी-ढाका, नाव मिताली, म्हणजे पुन्हा मैत्रीच. जुलै २०२४मध्ये बांगलादेशात आंदोलन पेटलं आणि तिन्ही थांबल्या. गाडीचं नाव मैत्री असलं की मैत्री आटल्यावर ती चालवणं अवघड होऊन बसतं. ती चालू ठेवणं हेच राजकीय विधान होतं, आणि बंद करणं हे त्याहून स्वस्त विधान. पंजाब मेल बंद करून कुणाला कसला इशारा देणार?

पंजाब मेलवरून आठवलं. मुंबईहून निघून ती आता फिरोजपूरला संपते. फिरोजपूरहून पूर्वी रूळ सतलज ओलांडून कसूरमार्गे लाहोरला जायचे. आता ते दहा-अकरा किलोमीटरवर, हुसैनीवालाला, नदीच्या अलीकडे संपतात. तिथला पूल १९७१च्या युद्धात उडवला गेला. उत्तर रेल्वे इथे संपते, अशा अर्थाची पाटी तिथे आहे. २३ मार्च १९३१च्या रात्री लाहोरच्या तुरुंगात फाशी दिलेल्या भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडच्या शिवराम हरी राजगुरू यांचे देह गुपचूप याच नदीकाठी आणून जाळले होते. फाळणीत ही जागा पाकिस्तानात गेली. १९६१मध्ये भारताने बारा गावं देऊन ती परत घेतली.

त्या रुळांवर एरवी प्रवासी गाडी नसते. २३ मार्चला आणि बैसाखीला फिरोजपूरहून एक विशेष गाडी सोडतात. तिला काही खास नाव नाही. माणसं समाधीला फुलं वाहतात, पाटीशेजारी फोटो काढतात, आणि संध्याकाळी गाडी फिरोजपूरला परत येते.