मोजणाऱ्याला कोण मोजणार? एका डीबगरची गोष्ट



भाजीवाल्याच्या वजनकाट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का असतो, तो आपण सगळ्यांनी पाहिलाय. काटा खरा की खोटा, हे कितीही भाजी तोलली तरी कळत नाही. त्यासाठी काटा बाजूला घ्यायचा, त्यावर माहितीतलं वजन ठेवायचं आणि बघायचं. आजचा विषय संगणकातल्या अशाच काट्यांचा आहे. सर्व्हर किती दमलाय, डिस्क किती भरलीय, नेटवर्कवरून किती माल गेला, हे मोजणारे छोटे प्रोग्राम असतात. त्यांना एजंट म्हणतात. त्यांच्या आकड्यांवर नवी यंत्रं विकत घेतली जातात, रात्री दोन वाजता माणसं उठवली जातात, कुणावर तरी ठपकाही येतो. मग हे एजंटच चुकले तर?

याचं उत्तर समजायला थोडं मागे जाऊ. १९५० च्या दशकात प्रोग्राम लिहिणारा माणूस आणि यंत्र यांची सहसा भेटच होत नसे. कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि काही तासांनी छापील कागद घ्यायचा. प्रोग्राम बिघडला, तर यंत्राच्या स्मृतीची आकड्यांची भेंडोळी हातात यायची. म्हणजे चौकशी नाही, थेट शवविच्छेदन!

एमआयटीमध्ये टीएक्स-झिरो नावाचं यंत्र आलं आणि हे बदललं. त्याच्यासमोर माणूस स्वतः बसू शकत होता. तिथं फ्लिट नावाचा प्रोग्राम तयार झाला. टाइपरायटरसारख्या यंत्रावरून विचारायचं, ‘स्मृतीच्या या कप्प्यात काय आहे?’ आणि उत्तर तिथल्या तिथे मिळायचं. फ्लिट हे तेव्हाच्या एका कीटकनाशकाचं नाव. १९६१ च्या सुमारास पीडीपी-वन यंत्रासाठी त्याचा वारसदार आला, त्याचं नाव डीडीटी. आपल्याकडच्या जुन्या पिढीला डीडीटी म्हटलं की हिवतापाची घरोघर फवारणी आठवते. विनोद तोच होता : प्रोग्राममधले ‘किडे’ मारणारं औषध. पण विनोदामागची कल्पना मोठी होती. चालत्या यंत्राला थांबवायचं, एक प्रश्न विचारायचा, उत्तर ऐकायचं, मग पुढचा प्रश्न. आजच्या प्रत्येक संवादी डीबगरचं मूळ इथं आहे.

आता थेट १९९० च्या दशकात येऊ. सिलिकॉन ग्राफिक्स ही कंपनी मोठी यंत्रं बनवत होती. १९९३ च्या त्यांच्या चॅलेंज मालिकेतल्या सर्वांत मोठ्या यंत्रात ३६ पर्यंत प्रोसेसर बसत. असं यंत्र मंदावलं, तर दोष कुणाचा? डिस्कचा, स्मृतीचा, नेटवर्कचा की डेटाबेसचा? प्रत्येकाचं हत्यार वेगळं, प्रत्येकाची भाषा वेगळी. यावर त्यांच्या अभियंत्यांनी, विशेषतः मेलबर्नमधल्या गटानं, परफॉर्मन्स को-पायलट ही व्यवस्था उभी केली. तिची मांडणी आपल्या तालुका कचेरीसारखी समजा. मध्ये एक समन्वयक बसतो, त्याचं नाव पीएमसीडी. त्याच्या हाताखाली खात्याखात्याचे एजंट. प्रत्येक मापाला तीन भागांचा क्रमांक : खातं, गट, बाब. उदाहरणार्थ, लिनक्सवर यंत्रावरचा सरासरी भार ६०.२.०. इथं ६० म्हणजे लिनक्सचा एजंट. त्याच क्रमांकाखाली एक, पाच आणि पंधरा मिनिटांचे तीन आकडे मिळतात.

आणि इथंच पेच आला. समन्वयक शिस्तीचा, कारण तो शिस्तीचाच असायला हवा. एजंटानं नेमून दिलेल्या वेळात, साधारणपणे पाच सेकंदांत, उत्तर दिलं नाही, तर तो त्याच्याशी संबंध तोडतो. एक एजंट अडकला म्हणून बाकीच्यांना का खोळंबून ठेवायचं? पण समजा, तुमचा एजंट चुकतोय. तुम्ही डीबगर लावून त्याला मध्येच थांबवलंत आणि आत डोकावलात. पाच सेकंद झाले, समन्वयकानं त्याचं नाव कापलं! तपासायला थांबवावं, तर तपासायला काही उरतच नाही.

म्हणून डीबीपीएमडीए आलं. कमांड लाइनवर चालणारं साधं हत्यार, रंगीत खिडक्या वगैरे काही नाही. युक्ती अशी की ते समन्वयकाच्या खुर्चीत बसतं. एजंटाशी तीच भाषा बोलतं, पण त्याला घाई नाही. ‘ओपन’ म्हटलं की एजंट सुरू होतो किंवा जोडला जातो. ‘डेस्क’ म्हणजे या मापाचं वर्णन सांग. ‘इन्स्टन्स’ म्हणजे त्याखाली कोण कोण आहे ते सांग. ‘फेच’ म्हणजे आत्ताचा आकडा दे. ‘टायमर ऑन’ केलं की उत्तराला किती वेळ लागला तेही कळतं. आणि एजंटाला आता हवं तितका वेळ थांबवून ठेवा, कुणी त्याचं नाव कापणार नाही. हेच प्रश्न फाइलमध्ये लिहून ठेवले, तर प्रत्येक बदलानंतर तीच उलटतपासणी पुन्हा घेता येते.

यातलं ‘डेस्क’ मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. का, ते सांगतो. समजा, एजंट नेटवर्कवरून गेलेले बाइट ३२ बिटांच्या गणकात मोजतो. हा गणक ४,२९,४९,६७,२९५ नंतर पुन्हा शून्यावर येतो, जुन्या स्कूटरच्या किलोमीटर-काट्यासारखा. १० मेगाबिटच्या तारेवर, ती पूर्ण भरून वाहिली तरी, त्याला सुमारे ५७ मिनिटं लागत. कुणाला काळजी नव्हती. पण १ गिगाबिटची तार आली आणि तोच गणक सुमारे ३४ सेकंदांत फिरू लागला. मिनिटातून एकदा आकडा घेणाऱ्याला मधली अख्खी फेरी दिसतच नाही. एजंट बंद पडलेला नाही, आलेखही छान दिसतो, आकडा मात्र खोटा. ‘डेस्क’ विचारलं की एका ओळीत कळतं : ३२ बिट की ६४, चढत जाणारा गणक की त्या क्षणाचं मूल्य, एकक कोणतं.

२००० साली परफॉर्मन्स को-पायलट मुक्तस्रोत झालं आणि पुढे लिनक्सच्या अनेक वितरणांत पोचलं. त्यामुळे एजंट लिहिणारी माणसं बदलली. आधी कंपनीतले मोजके अभियंते होते, आता डेटाबेस सांभाळणारा कुणीही स्वतःचा एजंट लिहू शकतो. काटे बनवणारे वाढले, तशी काटे तपासण्याची गरजही वाढली.

एक मर्यादा मात्र सांगायलाच हवी. डीबीपीएमडीए एवढंच दाखवतं की एजंट काय बोलतो आणि कसं बोलतो. मुळात त्याला मिळालेली माहितीच चुकीची असेल, तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? तिथं माहितीतलं वजनच ठेवावं लागतं : ठराविक मापाची फाइल स्वतः पाठवायची आणि आकडा तेवढाच वाढला का ते बघायचं.

तेव्हा पुढच्या वेळी पडद्यावर सुबक आलेख दिसला, तर तो काढणाऱ्याला एवढंच विचारा, ‘हा आकडा देणाऱ्याला शेवटचं एकटं बसवून कधी विचारलं होतं?’

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.