कोकण किनाऱ्यावरची पाच दिवसांची पायी वाट: वाटाड्याशिवाय निघण्यापूर्वी

थंडी सुरू झाली की पुण्यातल्या दवाखान्यांत एक प्रश्न हमखास येतो. "आम्ही चौघं मित्र हरिहरेश्वरपासून दाभोळपर्यंत किनाऱ्याने चालत जाणार आहोत. बरोबर वाटाड्या नाही. शुगरची गोळी आहे, बीपीची आहे. जाऊ ना डॉक्टर?" प्रश्न विचारणारे बहुधा पंचेचाळीस ते पासष्ट वयाचे असतात आणि शेजारी बसलेल्या पत्नीच्या चेहऱ्यावर उत्तर आधीच लिहिलेले असते. हा लेख त्या दोघांसाठी आहे.

बहुतेकांना जाता येते. मधुमेह किंवा रक्तदाब आहे म्हणून घरी बसा, असे मी म्हणणार नाही. मात्र वाटाड्या नेमके कोणते काम करतो हे आधी समजून घ्या. या किनाऱ्यावर वाट चुकण्याची भीती कमी. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला ठेवायचा, एवढेच. वाटाड्याचे खरे काम वेगळे असते. किती वाजता निघायचे, कोण थकला आहे, कुठे थांबायचे आणि कधी परत फिरायचे हे तो ठरवतो. ऊन लागले, पाणी कमी पडले किंवा साखर उतरली की सर्वांत आधी बिघडते ती हीच निर्णयशक्ती. माणूस "मी ठीक आहे, चला" म्हणत राहतो. म्हणून हे निर्णय घरी, डोके शांत असताना घेऊन कागदावर लिहायचे.

ही वाट सिंहगडापेक्षा वेगळी का?

"दर रविवारी सिंहगड चढतो" हे तयारीचे प्रमाणपत्र नाही. सिंहगडावर तासा-दोन तासांचा चढ असतो, सकाळची हवा कोरडी असते आणि दुपारी तुम्ही घरी असता. किनाऱ्यावर चढ थोडाच, पण रोज १५ ते १८ किलोमीटर, सलग चार-पाच दिवस, पाठीवर ओझे आणि पायाखाली वाळू. पहिल्या दिवशी सगळेच छान चालतात. त्रास सुरू होतो दुसऱ्या दिवशी दुपारी.

दुसरा फरक हवेचा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे आणि इथली थंडी कोरडी असते. कोकणात जानेवारीतही दुपारी पारा ३० अंशांच्या वर जातो आणि हवा दमट असते. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो. घाम वाळला तरच शरीर थंड होते. तापमान फारसे वेगळे दिसत नसूनही किनाऱ्यावर शरीर जास्त तापते ते यामुळे. अशा हवेची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात आणि तेवढा वेळ तुमच्याकडे नसतो. म्हणून पहिल्या दिवसाचा टप्पा सर्वांत छोटा ठेवा. उत्साह तेव्हाच सर्वांत जास्त असल्याने बहुतेक गट नेमके उलटे करतात. मार्चनंतर ही वाट मी रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णांना सुचवत नाही.

तयारीसाठी दोन महिने हवेत. वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती, काहीही चालेल. पण निघण्याच्या तीन आठवडे आधी एक चाचणी घ्या: शनिवार आणि रविवार लागोपाठ, प्रत्येकी १५ किलोमीटर, प्रवासातलीच पिशवी पाठीवर आणि तेच बूट पायात. रविवारी संध्याकाळी गुडघा सुजला, पायाला फोड आले किंवा छातीत जड वाटले, तर ते पुण्यातच कळलेले बरे.

भरतीचे गणित आरोग्याचेही आहे

ओहोटीला उघडी पडलेली ओली वाळू घट्ट असते. भरतीला फक्त वरची भुसभुशीत वाळू उरते, तिच्यात पाय रुततो आणि तेवढेच अंतर चालायला कितीतरी जास्त दम लागतो. म्हणून ओहोटी सकाळी असेल असे दिवस निवडायचे.

कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि साधारण सहा तास आधी, नवाच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी ऐन दुपारी बाराला. पौर्णिमा-अमावस्येला भरती दुपारी बाराच्या आसपास आणि ओहोटी पहाटे सहाच्या. यावरून दिसेल की पौर्णिमा किंवा अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी निघालात, तर पुढचे चार दिवस चालण्याजोगी वाळू सकाळच्या गार वेळेत मिळते. अष्टमीच्या आसपास निघालात तर घट्ट वाळू मिळेल, पण डोक्यावर ऊन घेऊन.

हा हिशेब ढोबळ आहे. बंदरागणिक तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे तक्ते पाहा आणि गावातल्या मच्छीमाराला विचारा. हैदराबादची 'इन्कॉईस' ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, तेही रोज पाहा. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असते, हेही लक्षात ठेवा. सकाळी कोरडा असलेला कातळाचा कोपरा दुपारी पाण्याखाली जातो. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावर भरतीच्या वेळी उतरू नये ते याचसाठी. मध्ये डोंगराचे नाक आले आणि पाणी चढू लागले, तर मागे फिरून गावातल्या रस्त्याने जा. रस्त्याने गेलात म्हणून वाट बाद होत नाही.

समुद्रात पोहण्याचा बेत या प्रवासात नको. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरुडला पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडून गेले. थकलेल्या पायांनी, अनोळखी किनाऱ्यावर, गुडघाभर पाण्याच्या पुढे जायचे नाही. खाड्याही चालत ओलांडायच्या नाहीत. सावित्रीच्या खाडीवर बागमांडला ते वेसवी फेरीबोट आहे. पुढे केळशी, आंजर्ले इथे पुलावरून, रस्त्याने जा.

तुमच्या गोळ्या आणि ही वाट

हा भाग डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्या. सर्व गोळ्यांची पाकिटेही न्या, कारण "बीपीची पांढरी गोळी" एवढ्यावर कुणाला काही सांगता येत नाही.

रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांत टेल्मिसार्टनसारख्या औषधाबरोबर लघवी वाढवणारे औषध, उदाहरणार्थ क्लोर्थॅलिडोन, एकत्र असते. घरी ती उत्तम काम करते. पण दिवसभर घाम गाळल्यावर शरीरातले पाणी आणि मीठ आधीच कमी झालेले असते, त्यात ही गोळी भर घालते. उभे राहताना चक्कर येते, पायात गोळे येतात. त्याच रात्री पाय दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतले, तर पाण्याची कमतरता, बीपीची गोळी आणि वेदनाशामक या तिन्हींचा मार एकदम मूत्रपिंडावर बसतो. असे मूत्रपिंड अचानक मंदावलेले रुग्ण प्रवासानंतर दाखल होतात. पाय दुखले तर पॅरासिटामॉल घ्या आणि दुसऱ्या दिवशी कमी चाला. बीपीची गोळी मनाने बंद करू नका. त्या दिवसांसाठी मात्रा बदलायची का, हे डॉक्टर ठरवतील. मेटोप्रोलॉलसारख्या गोळीने नाडी मुद्दाम संथ ठेवलेली असते, त्यामुळे नाडी मोजून "मी थकलेलो नाही" असा निष्कर्ष काढू नका. चालताना पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे.

मधुमेहात दोन वेगळे धोके आहेत. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर चालताना उतरू शकते, आणि कित्येकदा त्या रात्री झोपेतही. मात्रा किती कमी करायची हे आधी विचारून लिहून घ्या आणि झोपण्यापूर्वी साखर तपासा. खिशात, पिशवीत नव्हे, ग्लुकोजची पूड ठेवा. घाम फुटणे, हात थरथरणे, चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे दिसले की तीन चमचे पूड किंवा साखर द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. इन्सुलिन मांडीत घेऊन लगेच चालू नका, ते लवकर शोषले जाते. पोटावर घ्या. इन्सुलिन उन्हातल्या पिशवीत तापू देऊ नका आणि बर्फालाही टेकवू नका.

दुसरा धोका डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचा. त्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात आणि पाणीही. उलट्या-जुलाब सुरू झाले किंवा जेवण जात नसेल, तर या गोळ्या आणि मेटफॉर्मिन त्या दिवशी थांबवायच्या असतात. नाहीतर साखर फार वाढलेली न दिसताही रक्तात आम्ल साठू शकते. हा "आजारी दिवसाचा नियम" आपल्या डॉक्टरांकडून आधीच समजून घ्या.

मधुमेहींनी किनाऱ्यावर अनवाणी चालू नये. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर तापलेल्या वाळूने भाजलेले आणि शिंपल्याने कापलेले कळत नाही. रोज संध्याकाळी पाय गोड्या पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवे दुसऱ्याला पाहायला सांगा. फोडाची कातडी काढू नका. पायावर आधीपासून जखम असेल तर या वर्षी जाऊ नका.

गेल्या सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा पक्षाघात झाला असेल, चालताना छातीत दुखत असेल, किंवा फिट्स अजून आटोक्यात नसतील, तर माझे उत्तर नाही असे आहे. अँजिओप्लास्टीला बराच काळ झाला असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारून, ते सांगतील त्या तपासण्या करून मगच ठरवा.

पाणी किती?

तहान लागेल तसे, साधारण तासाला अर्धा ते पाऊण लिटर. जबरदस्तीने लिटरमागून लिटर साधे पाणी पिणेही वाईट, कारण त्याने रक्तातले सोडियम उतरते. डोके दुखते, मळमळते, माणूस गोंधळतो आणि सोबती त्याला आणखी पाणी पाजतात. घाम गाळून चालताना रोज एक-दोन लिटर ओआरएस घ्या. मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात मिसळा, अर्धे पाकीट पेल्यात नको. मीठ घातलेले कोकम सरबत चांगलेच. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असते, म्हणून ते ओआरएसची जागा घेत नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी शहाळे आणि ओआरएस दोन्ही विचारूनच घ्यावे. लघवी गडद पिवळी असेल किंवा दुपारपर्यंत झालीच नसेल, तर त्या दिवसाची चाल तिथे संपली.

वाटेत काही झाले तर

सोबती अडखळू लागला, विचारल्याचे उत्तर भलतेच देऊ लागला आणि अंग तापलेले असेल, तर तो उष्माघात आहे. घाम येत असला तरीही. अशा वेळी आधी थंड करायचे, मग हलवायचे. सावलीत आणा, कपडे सैल करा, विहिरीचे पाणी अंगभर ओता आणि वारा घाला. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. कुणीतरी त्याच वेळी १०८ ला फोन करायचा.

कातळाच्या सड्यांवर फुरसे आढळते. ते लहान असते आणि दगडाआड सहज दिसत नाही. पहाटे अंधारात बॅटरी आणि पूर्ण बूट हवेतच. (वेळास-आंजर्ल्याच्या पुळणीवर मात्र समुद्री कासवे अंडी घालतात, तिथे अंधारात चालू नका, उजाडेपर्यंत थांबा.) साप चावल्यास आवळून बांधू नका, कापू नका, रुग्णाला चालवू नका. हात-पाय न हलवता गाडीने रुग्णालयात न्या. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन प्रभावी ठरते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगाला दाखवले. त्यासाठीही लवकर पोहोचावे लागते. उथळ पाण्यात पाय घासत चाला, म्हणजे वाळूत बसलेले पाकट आधीच सरकते. त्याचा काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि जखम डॉक्टरांना दाखवा.

घरी ठेवायचा कागद

चौघांपेक्षा कमी जणांनी जाऊ नये. एकाला काही झाले तर एक जवळ थांबतो आणि दोघे मदतीला जातात. कागदावर लिहा: प्रत्येक दिवसाचा टप्पा, त्या दिवशीच्या ओहोटीची वेळ, मुक्कामाच्या घरचा फोन, जवळचा एसटीचा थांबा आणि जवळचे रुग्णालय. या पट्ट्यात दापोलीचे उपजिल्हा रुग्णालय महत्त्वाचे. प्रत्येकाचे आजार, गोळ्या, मात्रा आणि अ‍ॅलर्जी लिहा. एक प्रत घरी, एक प्रत दुसऱ्याच्या पिशवीत, कारण बेशुद्ध माणूस स्वतःच्या पिशवीतला कागद दाखवू शकत नाही. थांबण्याच्या अटीही लिहा: सकाळी अकरानंतर चालणे बंद, एकाने "नको" म्हटले की चौघे थांबणार, ताप किंवा जुलाब असेल तर एसटीने परत.

घरच्यांनी रोज संध्याकाळी सातच्या फोनची वाट पाहावी. डोंगराच्या आड फोन लागत नाही, म्हणून लगेच घाबरू नये. आठपर्यंत फोन नाही आला तर मुक्कामाच्या घरी फोन करायचा आणि तिथे कुणी पोहोचले नसेल तर ११२ वर कळवायचे. दिवसा दहा वेळा "कुठे पोहोचलात?" विचारल्याने बॅटरी तेवढी उतरते.

परत आल्यावर लघवी चहासारखी काळपट झाली, एकाच पोटरीला सूज आली, किंवा दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांकडे जा आणि कोकणात चालून आल्याचे न विचारता सांगा. लेप्टोस्पायरोसिस किंवा स्क्रब टायफसचा विचार त्या एका वाक्यावरून सुचतो.