त्रिविध साक्ष : प्रोकुदिन-गोर्स्कीच्या छायाचित्रांतील रंगांची पुनर्रचना

मूळ साधन आणि त्याचे संपादित रूप यांत भेद करावयाचा, हा इतिहासलेखनातील प्राथमिक दंडक होय. हस्तलिखिते व ताम्रपट यांच्या बाबतीत तो कसोशीने पाळला जातो. छायाचित्रांच्या बाबतीत मात्र त्याचा सहज विसर पडतो. रशियन रसायनज्ञ सर्गेई मिखाइलोविच प्रोकुदिन-गोर्स्की (१८६३–१९४४) याचा छायाचित्रसंग्रह या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे.

एकाच वस्तूची तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्यांतून तीन कृष्णधवल छायाचित्रे घ्यावयाची आणि त्या त्या रंगाच्या प्रकाशात ती पडद्यावर एकावर एक पाडावयाची, ही कल्पना जेम्स क्लार्क मॅक्सवेल याची. १८६१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने तिचे प्रात्यक्षिक दाखविले. प्रोकुदिन-गोर्स्कीने १९०२ मध्ये बर्लिन येथे आडोल्फ मीट याच्याकडे या तंत्राचे अध्ययन केले. एकाच लांबट काचेवर एकाखाली एक अशी तीन चित्रे तो लागोपाठ घेत असे. १९०९ पासून झार दुसरा निकोलस याच्या आश्रयाने त्याने रशियन साम्राज्यात व्यापक प्रवास केला. १९१८ मध्ये त्याने देश सोडला. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसने हा संग्रह त्याच्या वारसांकडून विकत घेतला. त्यात १,९०२ निगेटिव्ह काचा आहेत.

२००१ मधील प्रदर्शनासाठी यांतील निवडक चित्रे संगणकावर जुळविण्यात आली. २००४ मध्ये ब्लेझ अग्वेरा इ आर्कास याने सर्व काचांसाठी स्वयंचलित जुळणीची पद्धत सिद्ध केली. अशा जुळणीचे सामान्य तत्त्व सोपे आहे : एक चित्र दुसऱ्यावर थोडे थोडे सरकवून दोहोंतील साम्य कोठे सर्वाधिक आहे ते मोजावयाचे. अडचण उद्भवते ती साम्य कशास म्हणावे या प्रश्नाशी. १९११ च्या सुमारास घेतलेल्या बुखाऱ्याच्या अमीर आलिम खानाच्या चित्रात त्याचा झगा गडद निळा आहे. निळ्या गाळणीच्या चित्रात तो उजळ, तर तांबडीच्या चित्रात काळवंडलेला उमटतो. केवळ उजळपणाची तुलना केल्यास येथे जुळणी फसते. म्हणून आकृतींच्या कडा ताडून पाहाव्या लागतात. तीन पोथ्यांतील शब्द भिन्न असता वाक्यरचनेच्या आधारे पाठ लावण्यासारखाच हा प्रकार आहे.

तथापि जुळणी अचूक झाली म्हणजे रंग अचूक झाले, असे नव्हे. तिन्ही चित्रांपैकी कोणास किती उजाळा द्यावयाचा, हे संपादकाला ठरवावे लागते. त्या निर्णयानुसार तोच झगा अधिक निळा किंवा अधिक जांभळा दिसू शकतो. शिवाय तिन्ही चित्रे एकाच क्षणाची नसतात. वाहत्या पाण्यावर अथवा हललेल्या माणसाभोवती रंगीत झालरी दिसतात. त्या पुसून टाकल्यास चित्र देखणे होते, परंतु तीन क्षणांमधील अंतराचा पुरावा नष्ट होतो.

मॅक्सवेलच्या प्रयोगाने तर याहून गंभीर इशारा दिला आहे. टॉमस सटन याने त्यासाठी वापरलेल्या काचा तांबड्या प्रकाशास जवळजवळ असंवेदी होत्या. तरीही तांबडा रंग दिसला कसा, याचा उलगडा १९६१ मध्ये राल्फ इव्हान्स याने केला : तांबड्या गाळणीतून अतिनील किरणही पार होत होते आणि तांबडे कापड ते परावर्तित करीत होते. फल योग्य, परंतु साक्ष भलत्याच किरणांची, असा हा प्रकार होता.

तात्पर्य, काचेवर रंग नाही. तीन साक्षींवरून केलेले रंगाचे अनुमान तेवढे आपल्यासमोर असते. हे अनुमान निराधार नव्हे. प्रोकुदिन-गोर्स्की स्वतःही ही चित्रे प्रक्षेपणाने रंगीतच दाखवीत असे. परंतु वस्त्र, इमारत वा भूप्रदेश यांच्या वर्णाविषयी विधान करणाऱ्या अभ्यासकाने रंगीत प्रत ही संपादित संहिता मानावी, तीवरील संस्कारांची नोंद पाहावी आणि शंका येईल तेथे मूळ तीन करड्या चित्रांकडे वळावे.