बैलगाडी शर्यत : सातारा-सांगलीकडील एका हंगामाचा इतिहास

शहरांत वाढलेल्या वाचकास बैलांची शर्यत म्हणजे जत्रेंतील एक धांगडधिंगा वाटतो. देवाचें दर्शन घ्यावें, शेवचिवड्याचा पुडा बांधून घ्यावा, आणि परततांना पलीकडच्या माळावर एवढा धुरळा कां उडतो आहे हें कोणास तरी विचारावें, एवढाच त्याचा या विषयाशीं संबंध. परंतु सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत ज्यानें मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंतचा एक हंगाम या शर्यतींच्या मागें हिंडून काढला असेल, त्यास आपलें मत बदलावें लागतें. त्या धुरळ्यांत एका जनावराच्या जातीचा, एका दुष्काळी मुलुखाच्या शेतीचा आणि आमच्या कायद्यांतील एका मोठ्या वादाचा इतिहास मिसळलेला आहे. तो येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम मुलुखाविषयीं. आज हे जिल्हे दोन असले तरी शर्यतीच्या दृष्टीनें तो एकच प्रांत होय. इ. स. १९४९ मध्यें जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला, आणि १९६० मध्यें त्यासच सांगली हें नांव मिळालें. आटपाडीचा भाग तर १९४८ पर्यंत औंध संस्थानांत होता. सरकारी नकाशे असे बदलत गेले. परंतु माण, खटाव, खानापूर, आटपाडी, जत या तालुक्यांवरील पावसाची अवकृपा मात्र बदलली नाहीं. सह्याद्रीच्या आड पडलेला हा उघडा, खडकाळ माळ. येथें दुधाळ, जड अंगाचें जनावर टिकणें कठीण. टिकलें तें खिलार.

खिलार या शब्दाचा मूळ अर्थच गुरांचा कळप असा आहे, आणि कळप घेऊन चाऱ्यामागें फिरणाऱ्या लोकांनीं ही जात घडविली. पांढरा किंवा करडा रंग, मागें झुकून पुन्हां वर गेलेलीं लांब शिंगें, टणक खूर, आणि चालींत एक प्रकारची अधीरता, हीं तिचीं लक्षणें. या जातीची गाय दूध बेताचेंच देते. तिची किंमत तिच्या पोटच्या खोंडावरून ठरे, आणि खोंडाची किंमत तो नांगरास, मोटेस व गाडीस कसा चालतो यावरून. तेव्हां चांगला बैल ओळखावा कसा, हा प्रश्न येथील शेतकऱ्यास करमणुकीचा नव्हता. तो पोटाचा होता. शर्यत ही त्या प्रश्नाची उघड्या मैदानांतली परीक्षा.

म्हणूनच शर्यतींचा हंगाम आणि गुरांच्या बाजारांचा हंगाम एकमेकांत गुंतलेले दिसतात. सुगीचीं कामें हातावेगळीं होऊं लागलीं म्हणजे मार्गशीर्षांत म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ निघतो. त्याच महिन्याच्या वद्य पक्षांत येरळेच्या कांठीं पुसेगांव येथें सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. पौषांत औंधची यमाई, पालीचा खंडोबा आणि खरसुंडीचा सिद्धनाथ. चैत्रांत शिखर शिंगणापूरची यात्रा, आणि मग अक्षय्यतृतीयेपर्यंत गांवोगांवच्या जत्रा. पुसेगांव आणि खरसुंडी येथील खिलार जनावरांचे बाजार दूरवर प्रसिद्ध आहेत. देवास नारळ, बाजारांत सौदा आणि माळावर शर्यत, अशी ही एकाच दिवसाचीं तीन कामें.

मैदानाची रीतहि सांगितली पाहिजे. पुणें जिल्ह्यांत जुन्नर, आंबेगांव, खेड या बाजूस ‘घाट’ असतो. तेथें एक एक गाडा चढावर सुटतो आणि सेकंद मोजले जातात. सातारा-सांगलीकडे तसें नाहीं. येथें सपाट माळावर शेजारीं शेजारीं चाकोऱ्या आंखतात, आणि प्रत्येक चाकोरींत एक अशा अनेक छकड्या एकदम सुटतात. छकडी म्हणजे दोन चाकांची अगदीं हलकी गाडी. तिच्यावर हांकणारा एकटाच असतो, आणि त्यास आतां सगळे ड्रायव्हरच म्हणतात. झेंडा पडला कीं छकड्या सुटतात आणि कांहीं पळांत निकाल लागतो. गट जिंकणारी छकडी सेमींत, सेमी जिंकणारी फायनलांत. दांत न लावलेल्या कोवळ्या खोंडांस ‘आदत’ म्हणतात व त्यांचीं मैदानें पुष्कळदां निराळीं भरतात.

या सर्वांत आम्हांस विशेष वाटला तो ‘पैरा’. ज्याच्या घरीं एकच बैल आहे असा शेतकरी पूर्वीपासून दुसऱ्या तशाच शेतकऱ्याशीं पैरा करी. आज तुझ्या रानांत, उद्यां माझ्या. शर्यतींतहि पुष्कळदां एका जुवाखालचे दोन बैल दोन मालकांचे, कधीं दोन तालुक्यांचे असतात, आणि त्यासहि पैरा हाच शब्द. नांगर गेला, पण नांगरटीच्या सोबतीचा शब्द शर्यतीनें जपून ठेविला. मात्र यामुळें एक कोडें उभें राहतें : विजय कोणाचा? डाव्या बैलाचा, उजव्याचा, कीं हांकणाऱ्याचा?

हें कोडें आमच्याच माळावरचें आहे असें नाहीं. इंग्लंडांत १९५८ सालीं बाजारांत विकल्या जाणाऱ्या मोटारींच्या शर्यतींचा वार्षिक हंगाम सुरू झाला. पहिल्याच वर्षाअखेर जॅक सीअर्स आणि टॉमी सॉपविथ या दोघांचे गुण सारखे भरले. तेव्हां ब्रँड्स हॅच येथील मैदानावर दोघांस एकाच नमुन्याच्या दोन रायली मोटारी देण्यांत आल्या. एक धाव झाल्यावर मोटारींची अदलाबदल करून दुसरी धाव झाली, आणि दोन्ही वेळांची बेरीज करतां सीअर्स अवघ्या १.६ सेकंदांनीं पुढें ठरला. हा सीअर्स पेशानें शेतकरी होता, हें वाचून आमच्या गाडामालकांस बरें वाटेल! परंतु मोटारीची अशी अदलाबदल करतां येते, बैलाची येत नाहीं. दोन बैल एका सांच्यांतून निघत नाहींत, आणि परक्या हाताखालीं ते तसेच पळतील असेंहि नाहीं. शिवाय मोटार कितीहि दामटली तरी तिला वेदना होत नाहींत. येथूनच वादास आरंभ होतो.

तो वाद न्यायालयांत गेला. जुलै २०११ मध्यें केंद्र सरकारनें ज्या प्राण्यांचे खेळ करतां येत नाहींत त्यांच्या यादींत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तामिळनाडूंतील जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रांतील बैलगाडी शर्यतींसहि मनाई केली. बैलाची शरीररचना घोड्याप्रमाणें शर्यतीस योग्य नाहीं, आणि त्यास पळविण्यासाठीं दुःख द्यावें लागतें, हा त्या निर्णयाचा गाभा होता. २०१७ मध्यें राज्य विधिमंडळानें कायद्यांत दुरुस्ती केली; पण उच्च न्यायालयानें त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें शर्यतींस परवानगी देण्यास अटकाव केला. पुढें बैलाच्या धावण्याच्या क्षमतेविषयीं तज्ज्ञांचा अहवाल सरकारनें तयार करविला. ऑगस्ट २०२१ मध्यें आटपाडी तालुक्यांतील झरे येथें बंदी मोडून शर्यत झाली. १६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें राज्याचा कायदा वैध ठरविला.

अटी साध्याच आहेत. धांव १००० मीटरांपेक्षां अधिक नको. बैलाबरोबर घोडा जुंपूं नये. काठी, चाबूक, पराणी किंवा विजेचा धक्का वापरूं नये. पशुवैद्यानें जनावर तपासलेलें असावें. आयोजकानें ५० हजार रुपये अनामत ठेवावे. क्रूरता सिद्ध झाल्यास पांच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

आतां आमचें मत. शर्यत बंद पडल्यास खिलार जात नष्ट होईल, असें गाडामालक म्हणत. या म्हणण्यांत तथ्य आहे, पण तें अर्धें. खिलार बैलाचें काम न्यायालयानें काढून घेतलें नाहीं. मोटेचें काम विजेच्या पंपानें नेलें, नांगराचें ट्रॅक्टरनें, आणि ओझ्याचें टेंपोनें. बैलास उरलें तें पळणें. ज्यास पळतां येतें त्याच्या नांवाचे फलक लागतात, त्यास खुराक मिळतो, त्याच्या पैदाशीस मागणी येते. ज्यास पळतां येत नाहीं त्याची वाट कोणीं पुसावी? पूर्वी शर्यत ही शेतीच्या बैलाची परीक्षा होती. आतां परीक्षाच उरली आहे आणि विद्या गेली आहे. विरुद्ध पक्षासहि आमचें सांगणें असें कीं, केवळ बंदीनें दया वाढत नाहीं. बंदीच्या काळांतहि चोरून शर्यती होतच होत्या, आणि तेथें बैल तपासण्यास पशुवैद्य येत नव्हता. अट पाळली जाते ती पोलिसाच्या धाकानें थोडी, आणि मैदानाभोंवतीं उभ्या असलेल्या हजारों लोकांच्या लाजेनें अधिक. हांकणाऱ्यानें शेपूट पिरगाळतांच ज्या मैदानावर चार वडीलधारे त्यास हांक मारून थांबवितात, तें मैदान आम्हीं चांगलें म्हणूं.

अलीकडे खानापूर, कवठेमहांकाळ या बाजूच्या मोठ्या मैदानांत पहिलें बक्षीस म्हणून चारचाकी मोटार ठेवूं लागले आहेत. बैलानें धांवावें आणि मालकानें मोटारींतून घरीं जावें, यांतील विनोद कोणाच्याहि लक्षांत येईल. आमची सूचना एवढीच कीं, त्या बक्षिसाचा एक लहानसा वांटा ज्या घरच्या गाईनें तो खोंड दिला त्या घरास मिळावा. माणदेशांत आजहि एखाद्या वस्तीवर, दूध परवडत नसतां, कडबा विकत घेऊन कोणी शेतकरी खिलार गाय बांधून ठेवतो. फायनलच्या दिवशीं त्याचें नांव कोणी पुकारीत नाहीं. तें पुकारलें गेलें, तर जात जपण्याची भाषा खरी ठरेल.