सोपाऱ्याचं पाणी



"नालासोपाऱ्यात फ्लॅट घेऊन ठेवू का?" असं बऱ्याच जणी विचारतात. मी इथे वीस वर्षं राहते.

हे आपल्या कथांतलं सोपारक बंदर. दुष्काळात शेवटच्या भातात विष कालवायला निघालेल्या श्राविकेला वज्रसेनसूरींनी इथेच थांबवलं. दुसऱ्या दिवशी धान्याची जहाजं लागली, असं परंपरा सांगते. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी इथला बौद्ध स्तूप उकरला. एवढं जुनं गाव, पण खाडी गाळाने भरली आणि बंदर संपलं. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला गाडी सुरू झाली. त्याच रुळांच्या कडेने पुढे इमारती वाढल्या.

भाव वाटेमुळे चढतो, संसार पाण्यावर चालतो. आमच्या सोसायटीचा निम्मा मेंटेनन्स कित्येक वर्षं टँकरलाच जायचा. म्हणून दर विचारण्याआधी नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारा, आणि भोगवटा प्रमाणपत्र डोळ्यांनी बघा.